सिरपूर, यशवंत सागर आणि तणमोराचा माळ: हात लावायचा तर असा लावा

इंदूरजवळची सिरपूर आणि यशवंत सागर ही तळी 2022 ला रामसर साईट (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागा) झाली तेव्हापासून इंदूरचे बरेच जण विचारतात की आम्ही काय करू शकतो, तर करण्यासारखं खूप आहे, फक्त तळ्याची बाग करायची नाहीये. आणि परवानगीशिवाय आत उतरायचं नाही.

आधी जलकुंभी, म्हणजे जलपर्णी. फुलं यायच्या आत मुळासकट ओढा आणि काठावर ढीग लावून घरी जाऊ नका, पहिल्या जोरदार पावसात सगळी परत पाण्यात, म्हणून ट्रॉली आधीच सांगून ठेवा. बेशरम नावाचं काठावरचं झुडूप, ती नुसती छाटली तर चिखलात पडलेल्या कांडीलाही मुळं फुटतात, ती खणूनच काढायची. पण पाणकणीस (काठाचं उंच पाणगवत) सरसकट साफ करू नका, एक वर्षी हा तुकडा, पुढच्या वर्षी तो. सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-काड्यांचा मोठा ढिगारा रचतो, वर बहुतेक दोनच अंडी, नर-मादी महिनाभर आळीपाळीने बसतात, तेव्हा ड्रोन नको, जवळ जाऊन फोटो नको आणि पाणी पण एकदम चढवायचं-उतरवायचं नाही. काठाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) सुचवणाऱ्यांना विरोध करा, तुतारी-पाणलाव्यांसारख्या काठावरच्या पक्ष्यांना उतरता चिखलच लागतो, त्यात चोच खुपसून तर ते खातात.

माळावर खरा घोळ होतो. मोकळी जमीन दिसली की लोकांना झाडं लावावीशी वाटतात, कृपा करून लावू नका! धारचं सरदारपूर आणि रतलामचं सैलाना, दोन्ही अभयारण्यं 1983 ला तणमोर या माळावरच्या पक्ष्यासाठीच झाली, आपल्याकडचे लोक त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उडी मारतो, मादीला ती लांबून दिसली पाहिजे. विलायती बाभूळ असेल तर मुळासकट काढा. जुलै ते ऑक्टोबर चराई-कापणी बंद, नंतर गवत मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कापत या, म्हणजे दडलेले पक्षी निसटतात, बाहेरून आत गेलात तर बिचारे मध्येच अडकतात. काही पट्टे उभेच राहू द्या. चराई कायमची बंद केली तरी गवत नको तेवढं दाट होतं, म्हणून गावकऱ्यांसोबत बसून पाळ्या ठरवा.

तणमोर सोयाबीनमध्ये पण उतरतो, त्यामुळे शेतकरी सोबत हवाच. सैलानाला खरमोराची खबर देणाऱ्या शेतकऱ्यांना वनविभागाने इनाम दिलंय, ते आपल्या बाजूच्या गावांत सांगा. फवारणी कमी झाली तर नाकतोडे टिकतात, तेच त्याचं खाणं. आणि माळाच्या कडेला भटक्या कुत्र्यांना खायला टाकू नका, अंडी जमिनीवरच असतात.