टाइम ट्रॅव्हलवाली सुपरहिरो फॅमिली स्टोरी लिहायचीये? मग आधी घर लिहा

सुपरहिरो सिरीजची स्क्रिप्ट म्हणा, फॅनफिक (आवडत्या सिरीजवर चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट) म्हणा, लिहायला घेतली की बरेच जण पहिली कितीतरी पानं मशीनवरच घालवतात, पोर्टल कसं उघडतं, किती स्पीड लागतो, टाइमलाइन किती आहेत, आणि घरातली माणसं नंतर बसवू म्हणतात, तिथेच सगळं अडतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी घर लिहा, घरात कुणाचं कुणाशी काय राहून गेलंय ते लिहा, मग भूतकाळात का जायचं, कुणी जायचं आणि गेल्यावर काय मोडणार हे सगळं त्यातूनच निघतं. खाली खऱ्या सिरीजची उदाहरणं घेतलीत, म्हणजे स्पॉयलर भरपूर आहेत, द फ्लॅश, अंब्रेला अकॅडमी, वॉचमेन, मिस मार्व्हल, एजंट्स ऑफ शील्ड आणि लेजेंड्स ऑफ टुमॉरो बघायच्या बाकी असतील तर त्या बघून मग या.

पहिलं काम म्हणजे एक खोली शोधा. तुमच्या हिरोला काहीही करून परत जावंसं वाटेल अशी एकच खोली आणि एकच रात्र. द फ्लॅश 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच एपिसोडमध्ये हे ठरून गेलं होतं, अकरा वर्षांच्या बॅरीच्या, म्हणजे हिरोच्या, घरात त्याच्या आईचा, नोराचा खून होतो, आळ वडिलांवर येतो आणि ते जेलमध्ये जातात. प्रचंड वेगाने धावायची पॉवर त्याला मिळते खूप वर्षांनी. त्यामुळे जोरात धावलं की काळ मागे जातो हे कळल्यावर हा पोरगा कुठे धावणार हे प्रेक्षकाला सांगावंच लागत नाही. आणि खरी कमाल पुढे आहे, लेखक त्याला एकाच खोलीत दोनदा पाठवतात. पहिल्या सीझनच्या शेवटी तो तिथे पोचतो, पण त्याचाच मोठ्या वयाचा अवतार हाताने थांब म्हणून खूण करतो, आणि तो थांबतो, आईला वाचवत नाही, नंतर तिच्याजवळ बसून मास्क काढतो, मीच बॅरी आहे सांगतो आणि मी आणि बाबा ठीक आहोत एवढं सांगून तिला निरोप देतो. दुसऱ्या सीझनमध्ये झूम नावाचा व्हिलन त्याच्या डोळ्यांसमोर वडिलांना मारतो आणि त्या सीझनच्या शेवटी बॅरी परत त्याच रात्रीत जातो, यावेळी आईला वाचवतो. खोली तीच, रात्र तीच, मधे फक्त बाप गेला. म्हणून तुमच्या वहीत सगळ्यात वर एक वाक्य लिहा, हा माणूस कुठल्या खोलीत परत जाईल, तिथे कोण असेल, आणि पहिल्यांदा तो हात का आखडता घेईल. हे वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊच नका.

मग नियम ठरवा, आणि तो एकच असू दे. ढोबळ दोन प्रकार आहेत, एकात भूतकाळ बदलता येतो, दुसऱ्यात जे झालं ते तुमच्या जाण्यामुळेच झालेलं असतं.

बदलता येणारा घेतला तर नुकसान कुणाच्या घरात पडतं ते आधी ठरवा. फ्लॅशच्या तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला बॅरी तीन महिने आईवडिलांबरोबर राहतो, सगळं मिळालंय, पण जुन्या आठवणी पुसल्या जायला लागतात, आणि शेवटी ज्याने आईला मारलं त्या थॉनलाच त्याला सांगावं लागतं की परत जा आणि ते काम पूर्ण कर. इथपर्यंत किंमत बॅरीची. पण परत आल्यावर जग जसंच्या तसं मिळत नाही, त्याचा मित्र सिस्को याचा भाऊ डान्टे मेलेला आहे, पुढे त्याची बायको होणारी आयरिस आणि तिचे वडील जो वेस्ट एकमेकांशी बोलत नाहीयेत, आणि ॲरो या वेगळ्याच सिरीजमध्ये डिगल या पात्राची मुलगी सारा नाहीशी होऊन तिच्या जागी मुलगा आहे. म्हणजे एकाने आपली आई मागितली आणि दुसऱ्याच्या घरातलं मूल बदललं. हिरोच्या चुकीचं बिल फक्त हिरोनेच भरलं तर ती गोष्ट त्याच्या एकट्याच्या दुःखावर संपते, बिल मित्राच्या घरी गेलं की पुढचे दहा एपिसोड तुम्हाला मिळतात, कारण आता सिस्को बॅरीकडे बघणार कसा हा प्रश्न उभा राहतो.

न बदलणारा नियम घेतला तर मात्र धक्का बदलातून येऊच शकत नाही, तो यायला हवा कळण्यातून. 2022 च्या मिस मार्व्हलमध्ये हिरॉइन कमलाच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, फाळणीच्या गर्दीत हरवलेली छोटी सना, म्हणजे कमलाची आजी, चांदण्यांच्या वाटेवरून चालत आपल्या वडिलांपर्यंत परत पोचली. सगळे ती घरगुती दंतकथा समजतात. मग घरात वारशाने आलेल्या बांगडीमुळे कमला 1947 मध्ये, त्याच स्टेशनवर, त्याच रात्री पोचते आणि चांदण्यांची ती वाट तीच तयार करते. काहीच बदललं नाही, पण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टीत आपणच होतो हे तिला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. हे जमवायचं असेल तर दंतकथा पहिल्या एक-दोन एपिसोडमध्ये सहज, जेवताखाताना कुणीतरी सांगून जायला हवी. शेवटच्या एपिसोडच्या तोंडावर सांगितली तर प्रेक्षक लगेच ओळखतो.

याच नियमाचं कडवट रूप 2019 च्या वॉचमेनमध्ये आहे. डॉक्टर मॅनहॅटन सगळे काळ एकाच वेळी जगतो, त्यामुळे हिरॉइन, पोलीस डिटेक्टिव्ह अँजेला त्याच्यामार्फत दहा वर्षं आधीच्या आपल्या आजोबांना विचारते की पोलीस चीफ जड क्रॉफर्डच्या कपाटात काय आहे हे तुम्हाला कसं कळलं, आणि आजोबा विचारतात, कोण जड क्रॉफर्ड? त्यांना नाव तिच्याकडूनच कळतं, आणि क्रॉफर्डच्या ज्या मृत्यूचा ती तपास करत असते त्याचं बीज तिनेच पेरलेलं असतं. आणि हो, याच सिरीजमध्ये अँजेला आजोबांच्या आठवणींच्या गोळ्या खाऊन त्यांचं तरुणपण स्वतः जगून येते, म्हणजे वारसा पोचवायला दरवेळी मशीन लागतंच असं नाही, बजेट कमी असेल तर हा मार्ग नक्की विचारात घ्या.

दोन्ही नियम एकाच गोष्टीत नकोत, प्रेक्षकाचा विश्वास तुटतो. मिसळायचेच असतील तर अंब्रेला अकॅडमीच्या तिसऱ्या सीझनसारखं धाडस हवं, तिथे एकाच घरात दत्तक वाढलेल्या सुपरपॉवरवाल्या भावंडांच्या आया त्यांच्या जन्माआधीच मारल्या जातात, तरी ही मंडळी आहेतच, आणि तो विरोधाभासच जग गिळायला लागतो. विरोधाभासालाच व्हिलन केलं म्हणून ते चाललं.

आता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर भाग, भविष्यातून येणारं मूल. इथे द फ्लॅशमधल्या नोरा वेस्ट-ॲलनचा आर्क, म्हणजे तिच्या गोष्टीचा अख्खा प्रवास, नीट अभ्यासा. चौथ्या सीझनमध्ये एक अनोळखी मुलगी बॅरी-आयरिसच्या लग्नात दिसते, मग पुन्हा डोकावते, बोलते थोडंच, आणि फिनालेला घरात येऊन सांगते की मी तुमची मुलगी आहे आणि माझ्याकडून मोठी चूक झालीये. ती 2049 मधून आलीये. तिच्या काळात बाप 2024 मध्येच गायब झालाय, तिने त्याला पाहिलंय ते म्युझियममध्ये. त्यामुळे बापाचं तिला प्रचंड कौतुक, आणि आईशी मात्र धड बोलत नाही, कारण आईने तिच्या अंगात पॉवर दाबणारी चिप बसवून ते वर्षानुवर्षं लपवलेलं. गंमत अशी की समोर बसलेल्या आयरिसने हे अजून केलेलंच नाहीये! न केलेल्या गोष्टीची माफी मागता येत नाही, मी असं करणारच नाही असंही छातीठोक सांगता येत नाही, आणि समोर जवळपास आपल्याच वयाची मुलगी पाठ फिरवून बसलीये. टाइम ट्रॅव्हल सोडून दुसऱ्या कुठल्याही कथाप्रकारात हा सीन लिहिता येत नाही, म्हणून अशा सीनला जागा द्या, फाइट कापा पण हा कापू नका.

आणि व्हिलनला याच घराच्या वारशात गुंतवा. थॉनने या नोराच्या आजीला, म्हणजे बॅरीच्या आईला मारलं, पहिल्या सीझनमध्ये हॅरिसन वेल्सच्या रूपात बॅरीचा गुरू झाला, आणि 2049 मध्ये तोच थॉन जेलमध्ये मृत्युदंडाची वाट बघत बसलाय तेव्हा आजीचंच नाव असलेली नात त्याच्याकडे शिकायला जाते आणि त्याच्याच मदतीने बापाला वाचवायला निघते. एक माणूस आणि तीन पिढ्या. बॅरीला हे कळतं तेव्हा तो मुलीला 2049 मध्ये नेऊन सोडतो आणि परत येऊ नकोस सांगतो. मला हा त्या सीझनमधला सगळ्यात खरा सीन वाटतो, कारण सुपरहिरो म्हणून त्याचं बरोबर आहे आणि बाप म्हणून तो तिथे हरतो. पुढे थॉनचा डाव उघडा पडतो, ज्या खंजिराने त्याची पॉवर दाबून ठेवलेली असते तोच त्याला भूतकाळात नष्ट करून हवा असतो, खंजीर जातो, तो सुटतो, टाइमलाइन बदलते आणि नोरा पुसली जायला लागते. जीव वाचवायचा रस्ता असतो, थॉन वापरतो ती निगेटिव्ह स्पीड फोर्स नावाची शक्ती, पण त्याने आपण थॉनसारखे होऊ म्हणून ती नकार देते आणि आईबापाच्या मिठीत नाहीशी होते. त्या एपिसोडचं नाव लेगसी. पुढे सातव्या सीझनमध्ये बदललेल्या टाइमलाइनची नोरा आपल्या भावाला, बार्टला घेऊन येते, मला ती आवडते, पण पाचव्यात जे गमावलं त्याचं वजन त्यामुळे कमी झालंच. तुमच्या गोष्टीत गेलेलं मूल परत आणायचं असेल तर आईबापाला पहिली नोरा आठवते का, आणि दुसरीकडे बघताना त्यांना काय होतं, यासाठी निदान एक सीन ठेवाच.

हेच सगळं रक्तपात न करताही होतं. लेजेंड्स ऑफ टुमॉरोमध्ये काळात फिरणाऱ्या हिरोंच्या टीममधला प्रोफेसर स्टाइन स्वतःच्या तरुण अवताराला बायकोकडे लक्ष दे म्हणून सांगतो, आणि वर्तमानात परत येतो तर त्याला एक मोठी झालेली मुलगी आहे, लिली, जिला त्याने कधी वाढवलेलंच नाही. नियमाने ती टाइमलाइनमधला बिघाड, आणि बिघाड दुरुस्त करणं हेच त्याच्या टीमचं काम. एवढ्या एका ओळीत अख्खा सीझनभराचा ताण आहे.

वारशाची खूण लहान ठेवा. मिस मार्व्हलमध्ये बांगडी आहे. एजंट्स ऑफ शील्डमध्ये तर फक्त एक वाक्य आहे, पावलं मोठी नसली तरी चालतील, योग्य दिशेने पडली म्हणजे झालं अशा अर्थाचं, जे भविष्यातून आलेला डीक आपल्या आईकडून ऐकत आलेला असतो, आणि एक दिवस ते टीममधल्या सिमन्सच्या तोंडून येतं आणि जवळपास त्याच्याच वयाची ही बाई आपली आजी आहे हे त्याला उमगतं. डीएनए रिपोर्टपेक्षा हे हजारपट चांगलं. कधीकधी खूण कास्टिंगमध्येही असते, 1990 च्या सिरीजमध्ये फ्लॅश झालेले जॉन वेस्ली शिप नव्या सिरीजमध्ये बॅरीचे वडील झाले, जुन्या प्रेक्षकांना पहिल्या सीनपासूनच पोटात काहीतरी हललं.

आता कंटाळवाणं पण न टाळता येणारं काम, तक्ता. एका बाजूला कॅलेंडरचं वर्ष, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पात्राचं स्वतःचं वय, आणि तिसऱ्या रकान्यात त्या क्षणी त्याला काय काय माहीत आहे. तिसरा रकाना बरेच जण करत नाहीत आणि प्लॉट होल बहुतेक तिथेच पडतात. अंब्रेला अकॅडमीतला फाइव्ह तेरा वर्षांचा असताना भविष्यात उडी मारतो, तिथे अडकतो, भावंडांची प्रेतं बघतो, आणि परततो तेव्हा शरीर तेरा वर्षांच्या मुलाचं आणि आतला माणूस 58 वर्षांचा. हे तक्त्यावर नसेल तर तुम्ही त्याला कधी ना कधी लहान मुलासारखं बोलायला लावालच. आणि मग परत मागे जाऊन सगळं दुरुस्त का नाही करत या प्रश्नाचं उत्तर प्रेक्षकाने विचारायच्या आधी देऊन ठेवा. फ्लॅशच्या दुसऱ्या सीझनमध्ये काळाशी खेळणाऱ्या स्पीडस्टरच्या, म्हणजे बॅरीसारख्या अतिवेगवान धावणाऱ्याच्या मागे टाइम रेथ नावाचे भुतासारखे रखवालदार लागतात, कमलाला तर मनात येईल तेव्हा जाताच येत नाही, कुठलंही चालेल, पण गरज पडायच्या निदान तीन-चार एपिसोड आधी ते दिसायला हवं.

पिढ्या भेटतात तो सीन लिहिताना सायन्स बंद ठेवा. वाक्यं छोटी. बॅरी आईला आपल्या वेगामागची शक्ती, स्पीड फोर्स, समजावत बसत नाही, तिला हवं असतं फक्त पोरगं आणि नवरा सुखरूप आहेत एवढं, तेवढंच तो देतो. तुमच्या सीनमध्ये मागच्या पिढीला नेमकं काय ऐकायचंय ते आधी शोधा, पुढच्या पिढीला काय सांगायचंय ते नंतर.

ड्राफ्ट झाला की एक कॉपी करा आणि तिच्यातून टाइमलाइन, पोर्टल, स्पीड, पॅराडॉक्स हे सगळे शब्द खोडून टाका, मग उरलेलं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. मुलगी आईवर का चिडलीये, बाप मुलीला का घालवतोय, हे ऐकणाऱ्याला तरीही कळलं तर शब्द परत घाला आणि पुढचा एपिसोड लिहायला घ्या, नाही कळलं तर वहीतल्या त्या खोलीच्या वाक्याकडे परत जा.