फोटो प्रिंटला देण्याआधी या चुका टाळा

प्रिंट बिघडली की आधी मशीनला शिव्या पडतात, मग कागदाला, मग काउंटरवरच्या माणसाला. स्वतःची फाइल कुणी नीट उघडून बघत नाही. नाशिकमध्ये फोटो लॅब चालवताना हे रोजचंच झालंय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मूळ फाइलवरच सेव्ह मारणे

याच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही. एका रंगपंचमीनंतर कॉलेजातला एक मुलगा आला. तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या जमिनीतल्या हौदात, धप्पा मारतानाचा फोटो. उडी घेतलेला पोरगा हवेत आडवा, खाली रंगाचं पाणी उसळलेलं, गच्चीवरून वाकून बघणाऱ्या बायका. फोटो खरंच झकास होता. ‘काका, बारा बाय अठरा काढा, स्पर्धेला द्यायचाय.’

फाइल उघडली तर रुंदी १०८० पिक्सेल. इन्स्टाग्रामसाठी लहान केला, कंट्रोल-एस दाबलं आणि गडी मोकळा. ‘कार्डावर असेल ना?’ म्हटलं, तर म्हणे, ‘काका, ते फॉरमॅट केलं.’

हिशोब करा. १८ इंचात १०८० पिक्सेल म्हणजे इंचाला ६०. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० धरतात, म्हणजे १२ बाय १८ ला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. भिंतीवर लावायची असेल तर २०० वरही भागतं. ६० वर पाण्याचे थेंब डागांसारखे दिसतात.

पोराकडे उत्तर तयार होतं, ‘मग सॉफ्टवेअरमध्ये ३०० करा ना.’ हे ३०० चं खूळ कुठून शिकून येतात कोण जाणे. इमेज साइजच्या खिडकीत ६० खोडून ३०० लिहिलं आणि रीसॅम्पलची टिक काढलेली असली, तर प्रिंटची रुंदी १८ इंचांवरून ३.६ इंचांवर येते, बाकी काही होत नाही. टिक ठेवली तर मधले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. फाइल फुगते, तपशील परत येत नाही. एआयवाली नवी सॉफ्टवेअरं छान टपोरे थेंब काढून देतात, पण ते त्या रहाडीतले नसतात.

कार्ड फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा नुसती यादी पुसली जाते. वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतात. म्हणून फोटोरेक हे फुकटातलं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. पण याने मधल्या काळात त्याच कार्डावर मावशीच्या घरची वास्तुशांत काढलेली. रहाडीचे बरेच फोटो हाती लागले, नेमका तो नाही. रहाड उघडते वर्षातून एकदा. पुढच्या रंगपंचमीला ये म्हटलं, दुसरं काय सांगणार!

माझी पद्धत अशी: कार्डातून उतरवलेले फोटो ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात, तिथल्या फाइल रीड-ओन्ली (नुसत्या बघता येतील, बदलता येणार नाहीत अशा) करून ठेवतो आणि एडिटिंग कॉपीवरच होतं. ‘मूळ’ची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर गेल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही. याला पाच मिनिटं जास्त लागतात. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी निदान कंट्रोल-एसवरून बोट तरी उचलावं.

जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह करणे

फाइल उघडून बघितल्याने किंवा कॉपी केल्याने जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची .jpg फाइल, खराब होत नाही, ती भीती काढून टाका. बदल करून दरवेळी नव्याने सेव्ह केलं की मात्र थोडा तपशील जातो, आणि आकाशात बारीक चौकडी दिसायला लागते. काम अर्धवट असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा: फोटोशॉपमध्ये पीएसडी, गिंपमध्ये एक्ससीएफ. जेपेग एकदाच, अगदी शेवटी.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो

नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो. १६०० बाय १२०० चा आला, तर १२ बाय १८ वर इंचाला ९० सुद्धा पडत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फाइल जशीच्या तशी येते. रामकुंडावर दशक्रियेला बाहेरगावाहून आलेली मंडळी लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा कापून आणतात. त्यांना मी काही शिकवायला जात नाही. मूळ फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे तेवढं विचारतो. बहुतेकदा एखाद्या पुतण्याकडे निघतोच.

माप न बघता ऑर्डर देणे

फोनचा फोटो सहसा ४:३, आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. म्हणजे आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून नववा हिस्सा जाणार. नेमका नवरदेवाचा फेटा त्यात सापडतो. क्रॉप स्वतः करून आणा, नाहीतर पांढरी किनार चालेल असं सांगा. ‘तुम्हीच बघा काका’ म्हणून गेलात, तर मी बघेन तसं होईल.

‘स्क्रीनवर उजळ होता हो!’

असणारच, स्क्रीनला मागून दिवा असतो. त्यातून ब्राइटनेस पूर्ण वर आणि खोलीत अंधार, अशा स्थितीत एडिट केलेला फोटो कागदावर काळवंडतो. मी ब्राइटनेस निम्म्यावर ठेवतो आणि मोठ्या प्रिंटआधी ४ बाय ६ ची एक काढून दिवसाउजेडात बघतो. मोठा कागद वाया घालवण्यापेक्षा हे स्वस्त.

बाकी किरकोळ:

फाइलचं कलर प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ती नोंद) अॅडोबी आरजीबी असेल तर एसआरजीबीमध्ये कन्व्हर्ट करून द्या, नाहीतर बऱ्याच ठिकाणी रंग फिके निघतात.

आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसू नका. सत्तरीच्या बाईचा फोटो सत्तरीचाच दिसू द्या.

घरच्या इंकजेटवर फोटो पेपर उलटा घातलात तर शाई वाळत नाही, बोटाला लागते.

पेन ड्राइव्ह इजेक्ट करून काढा. आणि येताना त्यात प्रिंटचेच फोटो ठेवा, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरं’ यांतला कुठला, ते मला ठरवायला लावू नका.