बाबांच्या रिपोर्टमध्ये पीएसए वाढलेला आलाय? आकडा कसा वाचायचा ते सांगते

मागच्या दिवाळीनंतर आमच्या अण्णांचा फुल बॉडी चेकअपचा पीडीएफ व्हॉट्सॅपवर आला, सगळं ठीकठाक आणि एकाच ओळीत ठळक अक्षरात टोटल पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रोटीन, रक्तात मोजतात) ७.२, बाजूला "हाय". अण्णा ६७ वर्षांचे. चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरून तीच ओळ परत परत बघत बसले होते, आणि तोवर एका नातेवाइकाने फोनवर सांगूनही टाकलं की हा कॅन्सरचा मार्कर असतो म्हणून. मी बायोकेमिस्ट्री शिकलेय, रोज लॅबमध्येच असते, तरी माझ्या पोटात गोळा आलाच. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला तर उपयोगी पडेल.

आधी हे प्रोटीन काय आहे ते समजून घ्या, नाहीतर आकडा वाचताच येणार नाही. पीएसए बनवणारं जीन म्हणजे केएलके३, १९ नंबरच्या क्रोमोसोमवर कॅलिक्रीन घराण्यातली १५ जीन्स ओळीने बसलीयत त्यातलं एक. पेशीत हे प्रोटीन तयार होतं तेव्हा २६१ अमिनो आम्लांची साखळी असते, आणि तिच्या सुरुवातीचे १७ तुकडे म्हणजे पार्सलवरचा पत्ता समजा, "हा माल पेशीच्या बाहेर पाठवायचा" असा. बाहेर पडता पडता तो पत्ता कापला जातो, मग अजून ७ तुकडे कापले जातात आणि उरलेलं २३७ चं प्रोटीन कामाला लागतं. काम काय, तर वीर्य बाहेर आल्यावर आधी जेलीसारखं घट्ट होतं, ते घट्ट करणारी सेमिनोजेलिन नावाची प्रोटीन्स पीएसए कात्रीसारखं कापतं, वीर्य पातळ होतं आणि शुक्राणू मोकळे होतात. म्हणजे प्रत्येक पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये रोज बनणारी, अगदी कामाची वस्तू आहे ही.

आता मुद्द्याचं. वीर्यात पीएसए मिलीग्रॅममध्ये मोजतात आणि रक्तात नॅनोग्रॅममध्ये, साधारण दहा लाख पटीचा फरक. रक्तात तो असायलाच नको असं नाही, पण तिथे दिसतो ती गळती असते. प्रोस्टेटच्या पेशी आपला माल नळीच्या आतल्या बाजूला सोडतात आणि मागच्या बाजूला पेशींचा अजून एक थर आणि पातळ पडदा असतो, कॅन्सरमध्ये ही रचना मोडते आणि माल रक्तात झिरपतो. खरं तर कॅन्सरची पेशी बऱ्याचदा निरोगी पेशीपेक्षा कमी पीएसए बनवते! वाढलेला आकडा म्हणजे गळती वाढलीय एवढंच, आणि गळती इन्फेक्शननेही होते, वयाने प्रोस्टेट मोठी झाली की त्यानेही होते, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घातली तरी होते.

गूगलवर केएलके३ टाकलंत की जीनच्या पानावर "प्रोस्टेट कॅन्सरशी संबंधित" असं दिसेल, ते वाचून मुलाने घाबरून जाऊ नका की आपल्यातही हे जीन आलंय. ते सगळ्यांतच असतं. बीआरसीए२ सारख्या जीनची बिघडलेली कॉपी वारशाने आली तर कॅन्सरचा धोका वाढतो, तो संबंध वेगळा. केएलके३ चा संबंध मुख्यतः खुणेचा आहे, म्हणजे त्याने बनवलेलं प्रोटीन रक्तात मोजून अंदाज घेतात. वारशाने मिळालेल्या बारीक फरकांमुळे काही जणांचा पीएसए मुळातच थोडा जास्त किंवा कमी असतो, हेही लक्षात ठेवा.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, सॅम्पल दिलं त्या आठवड्यात काय काय झालं होतं ते विचारा. नीट विचारा, कारण आपल्याकडे बाप माणूस हे आपणहून सांगत नाही. मी अण्णांना स्वयंपाकघरात एकटं गाठून विचारलं की लघवीला जळजळ होते का, तर म्हणाले आठ दिवस होत होती, तुझ्या आईलाही बोललो नाही. तपासणी करणाऱ्या मुलानेही विचारलं नव्हतं, पॅकेजमध्ये होती म्हणून टेस्ट करून टाकली, आणि याचा मला अजूनही राग आहे. वीर्यस्खलन आणि लांब सायकलिंग सॅम्पलच्या आधी दोन दिवस टाळायचं. लघवीचं इन्फेक्शन असेल तर आधी ते बरं करायचं, मग सहा-आठ आठवडे थांबून परत टेस्ट.

गोळ्यांची पिशवी पण बघा. प्रोस्टेट मोठी झाली की देतात त्या फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या सुरू असतील तर सहा-एक महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा होतो, म्हणजे रिपोर्टमधला ३ हा खरा ६ च्या आसपास धरायचा. केस गळतीसाठी घेतात त्या फिनास्टेराइडनेही आकडा उतरतो, आणि ती गोळी कुणी डॉक्टरांना सांगत नाही.

४ चा जो कटऑफ छापलेला असतो तो भिंत नाही. ४ ते १० मध्ये असलेल्या पुरुषांची बायोप्सी (सुईने प्रोस्टेटचा बारीक तुकडा काढून तपासणी) केली तर साधारण चारातल्या एकाला कॅन्सर सापडतो, आणि उलट ४ च्या खाली असलेल्यांतही सापडलेला आहे, २००४ साली अमेरिकेत आलेल्या अभ्यासात अशा सुमारे १५ टक्के पुरुषांत. म्हणून ४ ते १० मध्ये अडकलात तर डॉक्टरांना फ्री पीएसए बद्दल विचारा. रक्तातला बराचसा पीएसए दुसऱ्या एका प्रोटीनला चिकटलेला असतो, थोडा मोकळा फिरतो, कॅन्सरमध्ये मोकळ्याचं प्रमाण कमी होतं. २५ टक्क्यांच्या वर असेल तर जरा हायसं, १० च्या खाली असेल तर गंभीरपणे घ्या. आणि सोनोग्राफीत प्रोस्टेटचा आकार लिहिलेला असतो त्याने पीएसए ला भागून बघा, पीएसए ६ आणि आकार ६० मिली असेल तर ०.१, तोच आकार ३० असेल तर ०.२, आणि ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर जास्त लक्ष देतात. मग गरजेप्रमाणे एमआरआय, बोटाने तपासणी आणि बायोप्सी. बायोप्सीशिवाय कॅन्सर आहे असं फक्त आकड्यावरून घरी कुणी ठरवू नये, प्लीज.

अण्णांचं अँटिबायोटिक झालं, दोन महिन्यांनी परत टेस्ट केली, २.६. प्रत्येकाचं असं होईल असं नाही, पण थांबून परत मोजल्याशिवाय कळलं नसतं.

ज्यांची कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढलीय त्यांच्यासाठी मात्र हीच टेस्ट सोन्यासारखी आहे, कारण माल बनवणारा कारखानाच गेला. रक्तातला पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो, दीड-दोन महिन्यांत जवळपास शून्य व्हायला हवा, आणि पुढे कधी ०.२ किंवा वर जाऊन दुसऱ्या टेस्टमध्येही तसाच राहिला तर कॅन्सर परत आल्याचं धरतात. इथे लॅब बदलू नका, वेगवेगळ्या मशीनवर आकडा थोडा हलतो आणि इतक्या बारीक फरकात ते महागात पडतं.

आणि हे सहा-आठ आठवडे थांबायचं मी सांगितलं ते फक्त आकडा वाढलाय आणि बाकी माणूस बरा आहे तेव्हासाठी. लघवीत रक्त, लघवी एकदम तुंबणं, थंडी वाजून ताप, किंवा कंबरेच्या हाडात रात्री झोपू न देणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, तेव्हा रिपोर्टची वाट बघायची नाही.