बारा मिनिटं, पण कोणत्या वाऱ्यात?

फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाची योजना आखणारा, व्हायचंय म्हणणारी मुलं भेटली की इंधन आणि हवामान यांबद्दल खूप विचारतात. डोंगरांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. कळव्यात वाढले, पारसिकच्या पलीकडे डोंगराशी फारसा संबंध आला नाही. प्रशिक्षणात हिमालयावरच्या मार्गाची आपत्कालीन योजना करायला मिळाली, तेव्हा मी नुसती उंची मोजत बसले.

म्हणजे इंजिनाचा हिशोब केला. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर विमान 35,000 फुटांवर टिकत नाही. हळूहळू खाली येतं आणि वजन, तापमान यांप्रमाणे एका उंचीवर स्थिरावतं. याला ड्रिफ्टडाउन म्हणतात. या उतरणीत डोंगरमाथ्यापासून 2,000 फूट राखायचे असतात. माझ्या आलेखात ते राहत होते. खूश होऊन सरांपुढे कागद ठेवला.

"दोन्ही इंजिनं चालू आहेत," सर म्हणाले, "पण केबिनमधली हवा गेली. आता काय करशील?"

मैदानावरून जाताना उत्तर सोपं असतं, सरळ 10,000 फुटांवर यायचं, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. इथे नकाशावरच्या चौकटींत किमान सुरक्षित उंचीचे आकडे, म्हणजे ग्रिड मोरा, 20,000 च्या वर. आणि प्रवाशांच्या डोक्यावरचे मास्क बऱ्याच विमानांत ऑक्सिजन तयार करणाऱ्या रासायनिक जनित्रावर चालतात. एकदा सुरू झालं की ते थांबवता येत नाही. काही विमानांत ते 22 मिनिटं पुरतं, माझ्या सरावातल्या विमानात 12.

तेवढ्या वेळात किती लांब जाता येईल, ते मी भराभर मांडलं: वेग 420 नॉट, म्हणजे मिनिटाला 7 सागरी मैल, 12 मिनिटांत 84.

"कोणत्या वाऱ्यात?"

वारा मी धरलाच नव्हता. समोरून 60 नॉट आला तर मिनिटाला 6 मैल, एकूण 72. बारा सागरी मैल कमी, म्हणजे 22 किलोमीटर, साधारण ठाण्याहून शीवला जाण्याइतकं अंतर. तेवढ्यात एक आख्खी डोंगररांग मावते. शिवाय पूर्ण 12 मिनिटं वरच राहायची मुभा नसते. कितव्या मिनिटाला किती खाली असायला हवं, हेही ठरलेलं असतं. म्हणून एस्केप रूट, म्हणजे डोंगरांतून बाहेर पडायची आधीच आखलेली वाट, दरीदरीने, पायऱ्या उतरत जातो.

दुसरी चूक लेहची. पर्यायी विमानतळ म्हणून सर्वात जवळचा म्हणून लेह लिहिला, वेळ दुपारची. तिथली विमानं मुख्यतः सकाळीच ये-जा करतात, कारण दुपारी वारा चढतो. आणि धावपट्टीच मुळी 10,682 फुटांवर.

या कामात मला सर्वात मोलाचा वाटतो तो निर्णयबिंदू. अमुक बिंदूच्या अलीकडे असाल तर मागे फिरा, पलीकडे असाल तर या दरीने पुढे जा. वैमानिकाला त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. 35,000 फुटांवर मास्कशिवाय नीट भान राहतं ते अर्धा ते एक मिनिट. वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेकडे पाहताना मला नेहमी होमी भाभा आठवतात. 24 जानेवारी 1966 ला त्यांचं विमान मॉन्ट ब्लांकवर आदळलं, 117 जण गेले. तिथे इंजिन किंवा ऑक्सिजनचा प्रश्न नव्हता. डोंगर मागे पडला असं समजून विमान खाली येत होतं. त्यामुळे "रांग ओलांडल्यावर" असं मी योजनेत कधीच लिहीत नाही. बिंदूचं नाव लिहिते.

डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यतेसाठी अभ्यास कराल तेव्हा सूत्रं पाठ होतीलच. त्याआधी दिल्ली-लेह मार्ग कागदावर काढा. दर 10 सागरी मैलांवर खूण करा आणि प्रत्येक खुणेवर दोन प्रश्न सोडवा: इंजिन गेलं तर कुठे, हवा गेली तर कुठे. वारा जानेवारीतला घ्या. काही खुणांवर दोन उत्तरं वेगळी येतील. तशी आली तर दोन्ही लिहा, सरासरी काढू नका.