रस्त्याची मार्गिका कमी होणार असेल तर हरकत कशी घ्यावी

एखाद्या सकाळी रस्त्याच्या कडेला चुन्याच्या रेघा दिसतात. दोन दिवसांनी जेसीबी येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरते की पदपथ रुंद होणार, गाड्यांची एक मार्गिका जाणार. तासाभरात विरोध करायचं ठरतंही. मात्र कशाला विरोध, कुणाकडे आणि कुठल्या कागदाच्या आधारावर, हे कुणीच ठरवत नाही, म्हणून बहुतेक विरोध चौकातल्या फलकावरच संपतो. हे मधलं काम कसं करायचं ते पुढे लिहिलं आहे. रस्ता महाराष्ट्रातल्या महापालिकेच्या हद्दीतला आहे असं धरलं आहे.

१. आधी नकाशा मिळवा

पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटा आणि मंजूर आराखडा दाखवायला सांगा. त्यातला आडवा छेद महत्त्वाचा. पदपथ किती मीटर, पार्किंग किती, गाड्यांना किती, हे तिथे लिहिलेलं असतं. सोबत वाहतुकीचं सर्वेक्षण, कार्यादेश आणि वाहतूक पोलिसांचा अभिप्राय मागा.

तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ‘हे का केलं?’ असा प्रश्न विचारू नका, कारण कायद्यात माहिती म्हणजे उपलब्ध नोंद. कागदाचं नाव लिहून प्रत मागा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

२. टेप घ्या आणि रस्ता मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

डांबराची रुंदी तीन ठिकाणी मोजा: सर्वांत अरुंद जागी, चौकाच्या अलीकडे आणि बसथांब्यासमोर. शहरी रस्त्यावर एका मार्गिकेला साधारण ३.५ मीटर धरतात. कडेला लावलेली कार दोन ते अडीच मीटर खाते. म्हणजे तुमच्या रस्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत कडेला गाड्यांची रांग असेल, तर जी मार्गिका जाणार म्हणून आपण चिडलोय ती वाहतुकीला आजही मिळत नाही. हे कबूल करणं जड जातं. तरी आपल्या बैठकीतच हे कळलेलं बरं, अभियंत्याने सगळ्यांसमोर दाखवून देण्यापेक्षा.

मग वाहनं मोजा. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा, संध्याकाळी सहा ते आठ. दर पंधरा मिनिटांची वेगळी ओळ. दुचाकी, रिक्षा, कार, टेम्पो आणि बस यांचे रकाने वेगळे ठेवा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पद्धतीत कारला १ एकक धरतात, दुचाकीला अर्धा ते पाऊण, बसला दोनाहून जास्त. त्यामुळे ‘हजारो गाड्या जातात’ या वाक्याला अभियंत्याच्या लेखी किंमत नसते. रकाने असतील तर तो पुढे वाचतो.

पायी चालणारेही मोजा. विरोध करणारे हे हमखास विसरतात. शाळा सुटताना किती मुलं डांबरावरून चालतात, आजी-आजोबा कुठे थांबून राहतात, चाकाची खुर्ची पदपथावर चढते का, हे लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. तुमच्या रस्त्यावर तेवढी नसेल तर महापालिकेची बाजू त्या मुद्द्यावर बळकट आहे, आणि तुमच्या अर्जात त्याचं उत्तर असायलाच हवं.

३. हरकत नेमकी लिहा

‘रस्ता अरुंद करू नका’ ही हरकत नाही, ती नाराजी आहे. हरकत अशी असते: ‘बसथांब्यासमोर एका दिशेला ३.५ मीटर उरतात. बस थांबली की मागची सगळी वाहतूक थांबेल. थांब्यासाठी आत वळणारी जागा द्यावी.’ जागा, मोजमाप, परिणाम, मागणी या क्रमाने एकेक मुद्दा मांडा.

तपासण्यासारख्या जागा: अग्निशमनाची गाडी गल्लीत वळते का, रुग्णालयाचं फाटक, दुकानांचा माल उतरवायची वेळ आणि जागा, विकास आराखड्यातला समांतर रस्ता अर्धवट राहिला आहे का. एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावसाळी गटारं. पदपथ पुढे सरकला की जुनी तोंडं त्याच्याखाली जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात दुकानांत पाणी शिरतं. नवी तोंडं कुठे आहेत ते नकाशात शोधा.

अधिकारी बहुधा अमेरिकेचा आकडा सांगतील: मार्गिका कमी केल्यावर अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटले. आकडा खरा आहे, अमेरिकेच्या संघराज्य महामार्ग प्रशासनाचा आहे. पण तो दुभाजक नसलेल्या चार मार्गिकांच्या तीन केल्या, आणि मधली मार्गिका वळणाऱ्या गाड्यांना दिली, अशा रस्त्यांचा आहे. तुमच्या आराखड्यात वळणाऱ्यांची सोय कुठे आहे, हे विचारा.

तिथलीच दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लॉस एंजेलिसमध्ये प्लाया डेल रे भागात २०१७ साली मार्गिका कमी केल्या. रोज तिथून जाणाऱ्या लोकांनी इतका जोर लावला की त्याच वर्षी त्यातल्या बहुतेक परत दिल्या गेल्या. परंतु मुळात त्या कमी का केल्या होत्या? २०१५ मध्ये तिथल्या व्हिस्टा डेल मार रस्त्यावर १६ वर्षांची मुलगी रस्ता ओलांडताना गाडीखाली गेली, आणि शहराने तिच्या कुटुंबाला ९५ लाख डॉलर भरपाई दिली. म्हणून आपल्या अर्जात एक परिच्छेद ठेवाच: मार्गिका ठेवून लोक सुरक्षित कसे ओलांडतील? उंचावलेलं क्रॉसिंग, दुभाजकात थांबायला जागा, सिग्नलला पुरेसा वेळ, अनधिकृत पार्किंगवर कारवाई. याचं उत्तर नसलेला विरोध मी स्वतः सहीसाठी घेणार नाही.

४. कुणाकडे द्यायचं

आयुक्त, पथ विभागप्रमुख, क्षेत्रीय कार्यालय आणि पोलिसांची वाहतूक शाखा अशा चार प्रती. प्रत्येकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. एकेरी वाहतूक किंवा पार्किंगबंदी करायची असेल तर वाहतूक पोलीस अनेकदा तात्पुरता आदेश काढून सूचना-हरकती मागवतात. ती तारीख चुकवू नका. विकास आराखड्यातली रस्त्याची रुंदीच बदलायची असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढून एक महिन्यापर्यंत हरकती मागवाव्या लागतात. आहे त्या रुंदीत पदपथ वाढवायला सहसा ही पायरी लागत नाही, म्हणून कुणी बोलावेल याची वाट पाहू नका.

५. बैठकीला सगळ्यांना बोलवा

पदपथ हवा असणाऱ्यांनाही. रिक्षा थांब्यावरचे काका, भाजीवाल्या मावशी, शाळेचे शिक्षक, दुकानदार. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची एकही सही नसलेला अर्ज अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

६. न्यायालय शेवटी

दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरवर २००८ साली बससाठी मधल्या मार्गिका राखल्या. कारवाल्यांचा मोठा विरोध झाला, याचिका दाखल झाली, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. वाहतुकीचं धोरण ठरवणं सरकारचं काम, असाच न्यायालयांचा कल असतो. पुढे २०१६ मध्ये तो मार्ग उखडायला सुरुवात झाली ती राज्य सरकारच्या निर्णयाने. नियम डावलल्याचा कागद हातात असेल तरच वकिलाकडे जा.

७. चाचणी मागा

सिमेंट ओतण्याआधी कोन आणि बॅरिकेड लावून बदल करून बघा, असं लेखी मागा. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनाला गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला होता, म्हणजे तात्पुरता बदल महापालिकेला करता येतो. फक्त एक दिवस मागू नका. किमान दोन आठवडे, शाळा सुरू असताना, आणि जमलं तर पावसात. काय मोजायचं ते आधीच दोन्ही बाजूंनी सही करून ठरवा: बसला लागणारा वेळ, गल्ल्यांत घुसणारी वाहनं, रस्ता ओलांडणारी माणसं. मग त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून पुन्हा मोजा. पहिल्या मोजणीचे कागद तोपर्यंत सोसायटीच्या कपाटात जपून ठेवा.