आठपैकी सहा मॅच जिंकलो आणि तिथेच फसलो

टीमचं नाव घेणार नाही, लीगचंही नाही, कारण त्यातली बरीच मंडळी अजून तिथेच आहेत आणि घोळात मोठा वाटा माझाच होता. एवढंच सांगते की प्रोफेशनल बास्केटबॉलची लीग, १८ टीम, ३४ मॅच, आणि शेवटच्या दोन टीम थेट खालच्या डिव्हिजनमध्ये. मी लागले त्याच्या आदल्या वर्षी आमची टीम १६वी होती, म्हणजे थोडक्यात वाचलेली. माझं काम व्हिडिओचं. रात्री दोनपर्यंत क्लिपा कापायच्या आणि सकाळी नऊला कोचसमोर लावायच्या. आकड्यांचं काम नंतर गळ्यात पडलं, कारण ऑफिसात बाकी कुणाला एक्सेल नीट येत नव्हतं. माझ्या हुशारीचा त्यात काही संबंध नव्हता.

हे लिहितेय ते हरणाऱ्या टीममध्ये पहिली नोकरी लागलेल्यांसाठी. लागणारही तिथेच आहे, कारण जिंकणाऱ्या टीममधली माणसं जागा सोडत नाहीत. बास्केटबॉलचे नियम तुम्हाला साधारण माहीत आहेत असं धरून चालते.

पहिलं म्हणजे, आपण टीम नव्याने उभी करण्याबद्दल जे काही वाचून येतो ते जवळजवळ सगळं अमेरिकेच्या एनबीए लीगचं असतं. मुद्दाम हरा, ड्राफ्टमध्ये (टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) वरचा नंबर मिळवा, स्टार घ्या, मग जिंका. इंटरव्ह्यूमध्ये मी हेच फाडफाड बोलले होते, फिलाडेल्फियाचं उदाहरण देऊन, आणि जनरल मॅनेजरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्याकडे ड्राफ्ट नाहीये, आम्ही मुद्दाम हरलो तर पुढच्या वर्षी या ऑफिसला कुलूप असेल. इतकं ओशाळल्यासारखं झालं! स्पेनच्या वरच्या लीगमध्येही असंच आहे, १८ मधल्या शेवटच्या दोन बाहेर. मुद्दाम हरायची चैन जिथे तळाला जायची शिक्षाच नाही तिथेच परवडते.

आणि तिथेही ती वाटते तेवढी स्वस्त नाही. फिलाडेल्फियाने जनरल मॅनेजर सॅम हिंकीच्या काळात लागोपाठ तीन सीझनमध्ये १९, १८ आणि १० मॅच जिंकल्या, ८२ पैकी. हिंकीने एप्रिल २०१६ मध्ये १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला. एम्बीड, सिमन्स असे स्टार मिळाले, पण त्या सगळ्या हरण्यातून निघालेली टीम पुढे वर्षानुवर्षं प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडलाच अडकत राहिली. ड्राफ्टमधले वरचे नंबर लॉटरीने, म्हणजे सोडतीने ठरतात, आणि २०१९ च्या लॉटरीपासून तिचे नियमही बदलले. आधी सगळ्यात वाईट टीमला पहिल्या नंबरची शक्यता २५ टक्के असायची, ती १४ वर आली आणि तळाच्या तिन्ही टीमना सारखीच झाली. डेट्रॉइट २०२२-२३ आणि २०२३-२४ अशी दोन वर्षं लीगमध्ये सगळ्यात तळाला होती आणि दोन्ही वेळा लॉटरीत घसरून पाचव्या नंबरवर गेली. दुसऱ्या वर्षी तर १४-६८ (आधी विजय, मग पराभव), त्यात लागोपाठ २८ पराभव. आणि पुढच्याच वर्षी ४४-३८. ते कशाने झालं? त्यांचा स्टार केड कनिंगहॅम आधीपासून तिथे होताच, त्याच्याभोवती टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे बाहेरून बॉल टाकू शकणारे अनुभवी लोक आणले, नवा कोच आणला, आणि मैदान मोकळं झालं. यात पाचव्या नंबरच्या पोराने जादू केली असं कुणी म्हणणार नाही.

ओक्लाहोमा सिटीचं नाव तर सगळेच घेतात. २२-५०, २४-५८, ४०-४२, ५७-२५ आणि मग २०२४-२५ ला ६८-१४ आणि चॅम्पियन. लोक पॉल जॉर्ज या स्टारला दुसऱ्या टीमला देऊन मिळालेले ड्राफ्टचे नंबर मोजत बसतात. मला त्यातलं दोनच दिसतं. जेलन विल्यम्स १२व्या नंबरवर घेतलेला आणि लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, म्हणजे कुणीतरी बसून नीट बघितलं होतं. आणि दुसरं म्हणजे ते २२ आणि २४ विजयांचे सीझन होऊनही कोच डेग्नॉल्टला हाकललं नाही. आमच्याकडे असता तर नाताळाच्या आत सामान बांधून गेला असता. असो.

आता मूळ गोष्ट.

माझं पहिलं वर्ष. २६ मॅचमध्ये ७ विजय, सगळ्यांचे चेहरे उतरलेले, आणि मग अचानक शेवटच्या आठमध्ये सहा जिंकलो. १३-२१, १४वा नंबर, वाचलो. शेवटच्या मॅचनंतर लॉकर रूममध्ये लोक रडत होते, मीही. तिसऱ्या दिवशी मला सांगितलं की सीझनचा रिपोर्ट कर. मी १४ पानं लिहिली. सार एवढंच की टीमने वळण घेतलंय, डिफेन्स सुधारलाय, आणि आपला २३ वर्षांचा गार्ड (बॉल हाताळून खेळ चालवणारा), ज्याने शेवटच्या आठ मॅचमध्ये सरासरी १९ पॉइंट काढले, त्याच्याभोवती पुढची टीम बांधा. मॅनेजमेंटला तेच ऐकायचं होतं. त्याला तीन वर्षांचा करार मिळाला, त्या पैशात जो अनुभवी सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) येणार होता तो आला नाही. पुढच्या सीझनच्या पहिल्या ११ मॅचमध्ये आम्ही दोन जिंकल्या. डिसेंबरमध्ये कोच गेला. रिपोर्ट माझा होता, माझी नोकरी टिकली. ते अजूनही टोचतं.

कोच गेला त्या रात्री मी ते सहा विजय पुन्हा लावले, सुरुवातीपासून, आणि या वेळी स्कोअर झाकून. जे दिसलं ते जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा, कारण बाकी सगळं तुम्ही चुकत चुकत शिकालच पण हे शिकेपर्यंत कुणाचीतरी नोकरी जाते.

सहापैकी चार मॅचमध्ये समोरची टीम तिची खरी टीम नव्हतीच. कुणाची प्लेऑफची जागा पक्की होती म्हणून मुख्य गार्डला विश्रांती, कुणी सुरक्षित होतं आणि आता वर-खाली काही होणार नव्हतं म्हणून १९ वर्षांच्या पोरांना २५-२५ मिनिटं. सीझनच्या शेवटी हे जगात सगळीकडे होतं, एनबीएमध्ये तर मार्च-एप्रिलमध्ये बऱ्याच टीम कुणाला न कुणाला बसवतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण माझ्या फाइलमध्ये तो कॉलमच नव्हता. आकड्यांच्या फाइलमध्ये जो खेळला त्याचंच नाव येतं, जो सूट घालून बेंचच्या मागे बसला होता तो कुठेच येत नाही.

मग 'सुधारलेला डिफेन्स'. त्या आठ मॅचमध्ये समोरच्यांनी आमच्यावर साधारण २०० थ्री (लांबून टाकायचे तीन पॉइंटचे शॉट) टाकले, गेले ५८, म्हणजे २९ टक्के. त्याच टीम बाकी सीझनभर ३५ च्या आसपास टाकत होत्या. ३५ ने धरलं तर ७० गेले असते. फरक १२ थ्रीचा, म्हणजे ३६ पॉइंट, म्हणजे दर मॅचला साडेचार. आणि आम्ही सहापैकी तीन मॅच चार किंवा त्याहून कमी पॉइंटने जिंकल्या होत्या! व्हिडिओत बघितलं तर निम्मे थ्री मोकळे होते, आमचा माणूस दोन पावलं लांब, बॉल नुसता रिंगला लागून बाहेर. थ्री किती टाकू द्यायचे यावर डिफेन्सचा बराच ताबा असतो, पण मोकळा थ्री जातो की नाही यावर फारसा नसतो, आणि आठ मॅच म्हणजे काहीच नाही. एवढ्या लीगमध्ये आठ मॅच अशा नशिबाच्या लागणारी एखादी टीम निघणारच. त्या वर्षी ती आम्ही होतो.

आणि आमचा गार्ड. ओसाड गावी एरंड बळी ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, अर्थ तेव्हा कळला. वाईट टीमलाही दर मॅचला सत्तर-ऐंशी पॉइंट होतातच, आणि ते कुणाच्यातरी नावावर लागणारच. बॉल ताब्यात आला की दर वेळी २४ सेकंदात कुणीतरी तो रिंगकडे टाकायलाच लागतो. तो टाकत होता, खूप टाकत होता, आणि दर शॉटमागे त्याचे पॉइंट काढले तर आमच्याच टीमच्या सरासरीच्या खाली. त्यातही बरेचसे पॉइंट चौथ्या क्वार्टरमध्ये, मॅच इकडे किंवा तिकडे लागून गेल्यावर. पोरगा वाईट नव्हता हो, मेहनती होता, पण तिसऱ्या नंबरच्या माणसाला आम्ही पहिल्या नंबरचं ओझं दिलं आणि मग तो वाकला म्हणून त्यालाच बोल लावला.

शेवटची गोष्ट लाजिरवाणी आहे. माझा स्वतःचा करार जूनमध्ये संपत होता. मला चांगली बातमी द्यायची होती. २६ मॅच वाईट बातम्या दिल्यावर माणूस आठ मॅचला असा काही चिकटतो की ३४ चा आकडा समोर असून दिसत नाही. पूर्ण सीझनचा पॉइंटचा फरक (केलेले वजा दिलेले) बघितला असता तरी पुरे होतं. तो शेवटून तिसऱ्या टीमचा होता, १४व्या टीमचा नव्हता.

तर करायचं काय? सीझनच्या शेवटच्या दहा मॅचची वेगळी फाइल ठेवा, आणि ती मॅचच्या दिवशीच भरा, नंतर नाही, कारण नंतर आठवण गोड होत जाते. समोर कोण नव्हतं. मोकळे थ्री किती होते आणि किती गेले. फरक १५ च्या वर गेल्यानंतरचे पॉइंट बाजूला काढा. बस, हाताने भरता येतं. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी तयार डॅशबोर्ड वापरूच नये. क्लिप स्वतः कापली नाही तर आकडा कशाचा आहे ते कळत नाही. बास्केटबॉल अॅनालिटिक्सचे ते सहा आठवड्यांचे सर्टिफिकेट कोर्सही मी केलेत, दोन केलेत, एक्सेल तेवढं सुधारलं.

मेंटॉरचंही तेच. सगळे मोठ्या नावाच्या मागे लागतात, माजी कोच, माजी खेळाडू, मोठमोठ्या गप्पा. मी पण लागले होते, त्यांनी दोन फोन केले आणि तिसऱ्यात स्वतःच्या जुन्या ट्रॉफ्यांची गोष्ट सांगितली. मला खरं शिकवलं आमच्या फिजिओने. तो टीममध्ये अकरा वर्षं होता, पाच कोच बघितलेले. त्या आठ मॅचच्या वेळीच तो मला म्हणाला होता की समोरच्या बेंचकडे बघ जरा. मला वाटलं गंमत करतोय. जो माणूस हरणाऱ्या टीममध्ये कधी राहिलाच नाही त्याचा सल्ला हरणाऱ्या टीमसाठी घेऊ नका. हे जरा जास्त होतंय, पण राहू द्या.

घाबरवतेय असं वाटत असेल तर थोडं दुसऱ्या बाजूचं सांगते. तळाच्या टीममध्ये तुम्हाला जे हातात मिळतं ते वरच्या टीममध्ये पाच वर्षं मिळणार नाही. मी आठव्या महिन्यात कोचच्या मीटिंगमध्ये बसत होते. आणि टीम उभी राहते, खरंच राहते, बहुतेक वेळा कंटाळवाण्या गोष्टींनी. ह्यूस्टन तीन वर्षं २२ च्या वर विजय नेऊ शकली नाही, मग २०२३ मध्ये इमे उडोका कोच, फ्रेड व्हॅनव्हलीट आणि डिलन ब्रुक्ससारखे कुरकुर करत का होईना डिफेन्स करणारे लोक आणले, ४१-४१, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ५२-३०. पोरं बरीचशी तीच होती, शेजारी मोठी माणसं आली. आमच्याकडेही जानेवारीत एक ३४ वर्षांचा सेंटर आला, पॉइंट सहा-सात, पण डिफेन्समध्ये सतत ओरडून सांगायचा कोण कुठे जायचंय ते, आणि मोकळे थ्री आपोआप कमी व्हायला लागले. त्या वर्षीही वाचलो, १५वे.

एक मात्र कडक सांगते. पराभवाच्या रात्री रिपोर्ट लिहू नका आणि विजयाच्या रात्री तर अजिबात नाही. आणि झोपा. मी पहिल्या वर्षी झोपले नाही, त्याचा कुणालाही काडीचा फायदा झाला नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही परत शेवटच्या सातपैकी पाच जिंकलो. जनरल मॅनेजर माझ्या टेबलापाशी आला, खुशीत होता, हातात एका खेळाडूच्या कराराचे कागद. मी काही बोलले नाही, फाइलचं पहिलं पान पुढे सरकवलं, समोर कोण कोण नव्हतं त्याची यादी. त्याने ती उभ्यानेच वाचली.

"मग यातले आपले किती?"

"दोन. फार तर तीन."

कागद टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि म्हणाला, त्या दोन लाव.