वजन उतरवून बोट पळवायची आहे? मग या चुका टाळा

"दादा, सहा किलो उतरवले. आता टायमिंग किती खाली येईल?"

पुण्यात संगमाजवळ सकाळी रोइंगची बोट खांद्यावर घेताना हा प्रश्न दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याचे गाल बसलेले असतात, पण चेहरा खुललेला असतो. मी एवढंच विचारतो, "अर्गोवर टू-के कितीचा आला?" अर्गो म्हणजे जमिनीवरचं वल्हवायचं यंत्र, आणि टू-के म्हणजे त्यावर २००० मीटरला लागलेला वेळ. बहुतेकांनी तो काढलेलाच नसतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

रोइंगमध्ये वजनाचा हिशेब धावण्यासारखा नसतो. सिंहगड चढताना प्रत्येक किलो स्वतःच्या पायांवर वर न्यावा लागतो. बोटीत तुमचा भार पाणी पेलतं. वजन घटलं की बोट जराशी वर येते आणि पाण्याला घासणारा भाग कमी होतो. फायदा एवढाच. पण तुमच्यातून गेलेले किलो जर मांड्यांचे आणि पाठीचे असतील, तर वल्हं ओढायला उरलं काय?

हे मोजता येतं. कन्सेप्ट टू या अर्गोमीटर बनवणाऱ्या कंपनीचं वजनानुसार टायमिंग दुरुस्त करायचं एक गणित आहे. त्यात वजनाच्या गुणोत्तराचा ०.२२२ हा घात धरतात. मी पोरांना ते सोपं करून सांगतो: सात-साडेसात मिनिटांच्या २००० मीटरमध्ये वजन एक टक्का घटलं, तर पाण्यावर साधारण एक सेकंद मिळतो. म्हणजे अर्गोवर तुम्ही टक्क्यामागे एक सेकंद गमावलात तर बरोबरी झाली, त्याहून जास्त गमावलात तर तोटा.

दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. सहा फूट एक इंच उंची, ७८ किलो वजन, टू-के ७:१८. चांगला मुलगा, फक्त धीर नाही. त्यानं सकाळची पोळी सोडली, मेसमधला भात सोडला, रात्री काकडी-टोमॅटोवर भागवायला लागला. सात आठवड्यांत ७० किलोवर आला. मग टू-के काढला तो ७:४१. वजन दहा टक्के उतरलं, त्याचे पाण्यावर साडेदहा सेकंद मिळाले, पण अर्गोवर २३ गेले. हिशेबानं पाण्यावर १२ सेकंद मागे, म्हणजे शर्यतीच्या शेवटी पन्नास मीटरहून जास्त अंतर. अर्गोचा आकडा बघून तो पोरगा तसाच सीटवर बसून राहिला, पट्ट्यातून पाय काढायचंही त्याला सुचेना. त्याला भात-वरण सुरू करायला लावलं, सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत दोन अंडी आणि केळी, दुपारी मटकीची उसळ. चार महिन्यांनी तो ७५ किलोवर होता आणि टू-के ७:११. वजन तेव्हाही कमीच होतं, पण ते खाऊन-पिऊन कमी झालेलं होतं.

माझी सवय सांगतो. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच एका चड्डीवर वजन करायचं. दर तिसऱ्या आठवड्याला टू-के काढायचा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायचे. आठवड्याला अर्धा किलोच्या वर उतरू द्यायचं नाही. कुणी म्हणेल फार हळू आहे. आहेच. पावसाळा त्यासाठीच असतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बोटी आत जातात आणि आपण अर्गोवर असतो. वजनाचं काम तेव्हा करा. शर्यतीच्या महिन्यात नाही.

आता दुसरी चूक. ही बघितली की मला खरोखर राग येतो. घाम काढून वजन "करणं".

लाइटवेट गटात पुरुषांना सिंगलमध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीत, ७२.५ किलोची मर्यादा असते, महिलांना ५९. शर्यतीआधी दोन तास ते एक तास या वेळात वजन होतं. मार्च महिना, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. आमच्यातला एकजण आदल्या संध्याकाळी ७४.१ भरला. त्यानं पाणी बंद केलं. सकाळी अंगात प्लास्टिकचं जॅकेट, त्यावर दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारल्या आणि बाटलीत थुंकत बसला. मला कळलं तेव्हा तो काट्यावर उभा होता. ७२.४. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्याचा हात हातात घेतला तर तळवा कोरडा ठणठणीत, फोडांवरची कातडी कागदासारखी. तासाभरात दीड लिटर पाणी ढोसून काय होणार? पोटात ते डुचमळत राहतं, रक्तात जायला वेळ लागतो. पहिल्या ५०० मीटरला तो सगळ्यांच्या पुढे होता. हजारला स्ट्रोक लहान झाला. बाराशेच्या आसपास कॅच, म्हणजे वल्हं पाण्यात टाकणं, उशिरा पडायला लागला, मग डाव्या हाताला गोळा आला, वल्हं पाण्यात अडकलं आणि बोट आडवी झाली. लाँचमधून आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा ओठ पांढरे पडलेले होते आणि मी हाक मारली ती त्याला ऐकू गेली की नाही, कळत नव्हतं. सलाइन लावावं लागलं. १.७ किलो म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी होतं ते. चरबीचा ग्रॅमही गेला नव्हता.

माझा नियम सोपा आहे. शर्यतीच्या आठ दिवस आधी मर्यादेच्या अर्धा किलोहून जास्त वर असाल, तर वजनाची अट नसलेल्या खुल्या गटात उतरा. उंच पोरांना तर मी पहिल्यापासून हेच सांगतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर इथं पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला तेरावा आला. ती खुल्या गटाचीच शर्यत होती. ऑलिंपिकमधून लाइटवेट रोइंग पॅरिस २०२४ नंतर गेलंच आहे. त्यासाठी एकोणीस वर्षांच्या पोरानं उपाशी राहावं, हे मला पटत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

रिगिंग, म्हणजे बोटीवरची वल्ह्यांची मांडणी, जुनंच ठेवणं. आठ किलो उतरले की सिंगल साधारण अर्धा सेंटीमीटर वर तरंगते. गेट, म्हणजे वल्हं अडकवायची खोबण, उंच पडतो, हात छातीकडे येतात आणि मग "बॅलन्स गेला" म्हणून रडगाणं सुरू होतं. गेटखालचा एखादा वॉशर काढून वर टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

पोट गेलं म्हणून पुढे झेपावणं. आता मांड्या छातीला लागतात, पुढे जायला जागा मिळते, तर पोरं पार नडग्या उभ्या होईपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जातात. कंबर तिथेच जाते. फूटस्ट्रेचर, म्हणजे पाय टेकवायची फळी, नव्यानं लावा.

कॉक्सला, म्हणजे बोटीला दिशा देणाऱ्याला, उपाशी ठेवणं. कॉक्सचं किमान वजन ५५ किलो धरलेलं आहे. त्याहून कमी भरलं तर फरकाची वाळूची पिशवी सोबत घ्यावी लागते. कॉक्सला जेवू द्या.

मुलींनो, वजन उतरवताना पाळी थांबली तर ते "फिट झाल्याचं" लक्षण नाही. शरीराला अन्न पुरत नाहीये. हाडं कमकुवत होतात आणि रोइंगमध्ये बरगडीला बारीक तडा जातो तो अशातच. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि कोचला सांगायला लाजू नका. आमच्याकडच्या एकीनं पाच महिने कुणाला सांगितलं नाही. खोकला आला तरी ती बरगडी धरून बसायची, आणि आम्हाला वाटायचं सर्दी आहे.